अंधेरीतला बॅले

भाची बॅले शिकते. परवा तिला आणायला क्लासबाहेर थांबलो होतो, तर एक बाबा दुसऱ्या बाबांना सांगत होते, "हे बॅलेबिले आपल्याकडे आत्ता आलं हो, मॉल आले तसं." मी गप्प बसलो. एकदा सुरू झालो की मला आवरणं कठीण जातं, हे भाचीला चांगलं माहीत आहे. म्हणून इथे लिहितोय.

पायाच्या बोटांवर तोल सांभाळायचा तो पाश्चात्त्य बॅलेसुद्धा मुंबईत जुनाच आहे. तुषना डलास यांची शाळा १९६६ची. पण त्याच्या आधीही या शहरात 'बॅले' हा शब्द सर्रास चालायचा, आणि त्याचा अर्थ वेगळा होता: संवाद नसलेलं, समूहानं नाचून सांगितलेलं नाटक. ज्यांना हा 'खरा' बॅले वाटत नाही त्यांच्याशी माझं भांडण आहे.

१९४४च्या सुमारास, बंगालच्या दुष्काळानंतर, 'इप्टा' या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेचं नृत्यपथक अंधेरीत एकत्र राहायचं. खाणं, तालीम, वादविवाद सगळं एकाच छपराखाली. त्यांचे नृत्यदिग्दर्शक होते शांती बर्धन. कोमिल्लाचा माणूस, नर्तक उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रातून आलेला. पुढे त्यांना क्षयानं गाठलं. त्या आजारपणातून उठून १९५२ साली त्यांनी मुंबईतच 'लिटिल बॅले ट्रुप' उभा केला आणि बसवलं 'रामायण'.

या रामायणाबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो. जत्रेतल्या बाहुल्यांच्या खेळासारखी मांडणी, आणि त्या बाहुल्या म्हणजे जिवंत नर्तक. चौकोनी मुखवटे, झटक्यानं वळणारी मान, कोपरापासून लोंबणारा हात. आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना लगेच कळेल. पण यातली जोखीम बघा. आपल्याकडे नाच म्हणजे डोळे, भुवया, मुखाभिनय. या माणसानं नर्तकांचे चेहरेच झाकून टाकले! सीतेचं दुःख दाखवायचं ते खांद्यातून आणि मनगटातून. एकीकडे माणसाचं लवचीक शरीर लाकडी करायचं आणि दुसरीकडे त्या लाकडात जीव आणायचा. याला बॅले म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

१९५४ साली शांतीदा गेले. चाळिशीही गाठली नव्हती. पंचतंत्रावरचा पुढचा बॅले अर्धवट होता, तो सहकाऱ्यांनी पुरा केला.

इथे संस्था संपायला हवी होती. आपल्याकडे तसंच होतं, गुरू गेला की फक्त फोटोला हार उरतो. पण त्यांच्या पत्नी गुल बर्धन, तेव्हा पंचविशीच्या आसपास, मागे हटल्या नाहीत. नवी नृत्यं बसवायला प्रभात गांगुली होते. संस्था १९६४ला ग्वाल्हेरला गेली, नंतर भोपाळला स्थिरावली. २०१०मध्ये गुलदींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. म्हणजे नवऱ्यामागे छप्पन्न वर्षं त्यांनी ते रामायण जिवंत ठेवलं. हे पुस्तकावरून होत नाही. 'मान इथे थांबव, आता झटका' असं एका अंगातून दुसऱ्या अंगात घालावं लागतं. नवं काही बसवणाऱ्याचं नाव होतं. जुनं बसवलेलं बिघडू न देणाऱ्या शिक्षिकेचं कौतुक फार कमी जण करतात. मला तर तेच जास्त अवघड वाटतं.

आणि मुंबई? मुंबईनं त्यांना जाऊ दिलं. अंधेरीत आज कुणाला विचारा, मेट्रोचं स्टेशन अचूक सांगतील, ते छप्पर कुठे होतं ते नाही.

तुमच्या घरी ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर विचारून बघा, बाहुल्यांचं रामायण पाहिलं होतं का. पाहिलं असेल तर हात कसा हलायचा ते करून दाखवायला सांगा, आणि जमलं तर व्हिडिओ काढून खाली टाका.