होया म्हणजे मनीप्लांट नव्हे: फिरत्या मेसेजमधल्या चुका

मृगाची चाहूल लागली की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. नर्सरीत ‘वॅक्स प्लांट’ म्हणून मिळणारी होयाची फुलवेल घरात कशी जोपासायची, हे त्यात सांगितलेलं असतं. काळ्या मातीत लावा, उन्हाळ्यात दोनदा पाणी द्या, कूलरसमोर ठेवा, कोपऱ्यातही फुलते, फूल सुकलं की दांडी छाटा, एका पानापासून नवी वेल करा, कीड दिसली तर शेतातलं औषध मारा, आणि उशाशी ठेवा कारण ती रात्री प्राणवायू सोडते. हे सगळं पाळलं तर वेल एखादा पावसाळा कशीबशी काढेल. फुलणार मात्र नाही.

लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मनीप्लांट असावा. होया आपल्या बांधावरच्या रुईच्या कुळातली. पान तोडून पाहा, तसाच पांढरा चीक येतो. रानात ती बहुधा जमिनीत वाढत नाही. झाडाच्या फांदीवर, सालीच्या खपल्यांत साचलेल्या पाल्यापाचोळ्यात ती मुळं रोवते. तिथं पाऊस पडतो आणि लगेच निथळून जातो. बाजारात सर्वाधिक मिळणारी होया कार्नोसा मूळची पूर्व आशियातली. तिची पानं जाड असतात, कारण ती पाणी साठवून ठेवतात.

“आपली कसदार काळी माती वापरा.”
कापसाच्या शेतात काळ्या मातीला मोल आहे ते ती ओल धरून ठेवते म्हणून. कुंडीत हाच गुण वेलीच्या मुळावर येतो. ही माती भिजली की फुगते आणि हवेच्या पोकळ्या बुजतात. वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि बोट जाईल एवढी फट पडते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं, मधला गोळा कोरडा तो कोरडाच. होयाची बारीक मुळं आधी गुदमरतात, नंतर भेगांत तुटतात. अर्धं शेणखत घालायचा सल्लाही त्याच मेसेजमध्ये आहे. त्यानं ओल आणखी वाढते.

त्याऐवजी नारळाच्या सालीचे बोराएवढे तुकडे दोन भाग घ्या. धुतलेलं कोकोपीट, लाकडी कोळशाचे तुकडे आणि विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे प्रत्येकी एक भाग, चाळलेलं गांडूळखत अर्धा भाग. कोळशाची आणि विटेची भुकटी चाळून टाका, नाहीतर तीच तळाशी चिखल करते. नारळाच्या साली रात्रभर भिजवून दोन-तीनदा पाणी बदला, त्यांत क्षार असतात. नव्या रोपाला पाच इंची मातीची कुंडी पुरते. “पुढं वाढणारच आहे” म्हणून बारा इंचीत लावू नका, मुळं नसलेल्या भागात ओल नुसती साचून राहते. आधाराला दोन-तीन तुराट्या सुतळीनं बांधल्या तरी चालतात. बुडाशी त्या कुजतात, तेव्हा वर्षाकाठी बदलाव्या लागतात.

“उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी.”
बहुतेक वेली याच सल्ल्यानं जातात, आणि नेमक्या कशानं गेल्या ते कळतही नाही. कारण तहानलेली होया आणि मुळं कुजलेली होया सारखीच दिसते. दोन्हींची पानं मऊ पडतात, सुरकुततात. पानं सुकलेली पाहून माणूस पाणी वाढवतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून पान बघण्याआधी कुंडी उचलून बघा. हलकी असेल आणि पान मऊ असेल, तर ती तहान. भरपूर पाणी दिल्यावर दोन दिवसांत पान टणक होतं. कुंडी जड असूनही पान मऊ असेल, तर मुळांत बिघाड आहे. वेल बाहेर काढा. पांढरी-पिवळसर टणक मुळं ठेवा, तपकिरी आणि दाबल्यावर साल सुटणारी मुळं कापा. काहीच शिल्लक नसेल तर दोन-तीन पेरांच्या निरोगी फांद्या कापून, चीक सुकू देऊन, ओलसर कोकोपीटमध्ये लावा. साधारण महिन्याभरात मुळं फुटतात.

एरवी पाण्याची वेळ पानच सांगतं. जून पान दोन बोटांत हलकेच दुमडून पाहा. ताठ राहिलं तर थांबा, सहज वाकलं तर पाणी द्या. वरच्या मिश्रणात एप्रिल-मेमध्ये हे अंतर चार-पाच दिवसांचं भरतं, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांचं, थंडीत त्याहून जास्त. पाणी देताना तळातून वाहीपर्यंत द्या आणि बशी रिकामी करा.

पाणी कोणतं, याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं करपतात. अशा गावांत छपराचं पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवणं हाच खरा उपाय. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात छपराची धूळ उतरते.

“कूलरसमोर ठेवा, दमट हवा मिळते.”
ओलाव्यापुरतं म्हणणं बरोबर आहे, जागा चुकली आहे. कूलरचा झोत अंगावर घेणाऱ्या वेलीच्या कळ्या गळतात आणि उडालेल्या तुषारांचे क्षार पानांवर पांढरे ठिपके सोडतात. त्याच खोलीत, पण झोताच्या बाजूला पाच-सहा फुटांवर ठेवा. पत्र्याच्या घरात मात्र कुंडी टांगू नका. नवतपाच्या दिवसांत पत्र्याखालचा हातभर थर भट्टीसारखा तापलेला असतो, जमिनीजवळ बराच फरक पडतो. पारा ४५ च्या वर असताना वाढ थांबणारच. त्या दिवसांत खत देऊ नका.

“उजेड नसला तरी फुलते.”
जगते, फुलत नाही. दुपारी पानांच्या वर वीतभर हात धरा. सावलीची कड स्पष्ट उमटली तर उजेड पुरेसा, नुसता अंधूक डाग पडला तर कमी. पूर्वेची खिडकी किंवा नऊपर्यंतचं कोवळं ऊन येणारी ओसरी सर्वांत चांगली. पश्चिमेचं ऊन चैत्रापासून पानं भाजतं. थंडीत तीच खिडकी चालून जाते. डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्याकडच्या गार रात्री आणि कमी पाणी कार्नोसाला पुढच्या बहरासाठी मानवतं. फक्त पारा दहाच्या खाली जाईल तेव्हा कुंडी आत घ्या. एकदा कळी धरली की कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही.

“फूल सुकलं की दांडी छाटा.”
गुलाबाचा नियम इथं लावला आहे. होयाच्या फुलांचा झुबका ज्या आखूड, खरबरीत दांडीवर येतो, तिच्याच टोकावर पुढच्या खेपेला पुन्हा कळ्या येतात. जुन्या दांडीवर गळलेल्या फुलांच्या खुणांची कडी एकावर एक मोजता येतात. ती छाटली तर वेलीला नवी दांडी करण्यापासून सुरुवात करावी लागते. सुकलेली फुलं आपोआप गळतात, हात लावायची गरज नाही. तीच गोष्ट लांब, बिनपानांच्या शेंड्यांची. वाळकी काडी समजून लोक त्या कापतात. त्या आधार शोधत असतात, त्यांना तुराटीवर गुंडाळा, पानं मागून येतात. आणि छाटकलमाच्या वेलीला पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं लागू शकतात, हे मेसेज सांगत नाही.

फुलांतून चिकट थेंब गळतात तो मध आहे, रोग नाही.

“बदामी पान खोचा, वेल होते.”
होया केरीचं बदामाच्या आकाराचं एकच पान छोट्या कुंडीत विकतात. त्याला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं. पण देठासोबत खोडाचं पेर नसेल तर कोंब येतच नाही. विकत घेताना माती जराशी बाजूला करून खोडाचा तुकडा आहे का ते बघा.

“कीड दिसली तर शेतातलं औषध चमचाभर.”
हा सल्ला सरळ धोक्याचा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. बंद खोलीत तेच मारायचं आणि तिथंच झोपायचं? होयावर येणारा पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा रुईवरही असतो, बांधावरून उडत येतो. कोवळ्या शेंड्यावर पाण्याची धार मारा, उरला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून सायंकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत दडतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा.

“रात्री प्राणवायू देते.”
होया कार्नोसाची पर्णरंध्रं रात्री उघडतात, एवढं खरं. पण ती उघडतात कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी. प्राणवायू तयार व्हायला उजेडच लागतो. उशाशी ठेवायचीच असेल तर वासासाठी ठेवा, तो रात्रीच जास्त दरवळतो. ज्यांना उग्र वासानं डोकं धरतं, त्यांनी ओसरीतच राहू द्यावी.