ट्रॅकमध्ये आहे, पण पळत नाही

परवा मंडळाच्या गणपतीत एका ताईंनी विचारलं, "तुझी लेक ट्रॅकमध्ये आहे म्हणे, किती सेकंदात पळते?" मी म्हटलं, ताई, ती पळत नाही, ती गोळा फेकते. (ट्रॅक म्हणजे इथल्या शाळांमधलं अ‍ॅथलेटिक्स, त्यात पळण्याबरोबर उड्या आणि फेकीही येतात.) त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "अच्छा... पण मग कॉलेजला त्याचा काही उपयोग होतो का गं?" तेवढ्यात प्रसादाची रांग पुढे सरकली आणि बोलणं तिथेच राहिलं, पण घरी आल्यावरही माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून आज बसून सगळं लिहितेय. इथे न्यू जर्सीत ज्यांची मुलं यंदा नववीत गेलीयत त्यांच्यासाठी खास, बाकीच्यांनीही वाचा.

गेल्या वर्षी सप्टेंबरची गोष्ट. लेक हायस्कूलला गेली आणि पहिल्याच आठवड्यात व्हॉलीबॉलच्या ट्रायआउटला, म्हणजे टीमच्या निवड चाचणीला गेली. मिडल स्कूलमध्ये मैत्रिणींबरोबर खेळायची, आवडायचं तिला. तीन दिवस ट्रायआउट झाले, मग यादी लागली, यादीत तिचं नाव नव्हतं. ज्यांची नावं होती त्या बहुतेक मुली लहानपणापासून क्लबमध्ये खेळणाऱ्या, त्यांच्या आईवडिलांनी दर वीकेंडला गाड्या चालवून त्यांना घडवलेलं, त्यांचा हक्कच होता तो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण १४ वर्षांची मुलगी दोन दिवस धड जेवली नाही आणि म्हणाली, "आई, मी स्पोर्ट्सवाली नाहीये." हे वाक्य मला फार लागलं. का, ते खाली सांगते.

फेब्रुवारीत तीच म्हणाली की ट्रॅकला नाव देते. मी घाबरत विचारलं, परत ट्रायआउट? तर म्हणाली, नाही, ट्रॅकमध्ये कोणाला काढत नाहीत. मला हे माहीतच नव्हतं हो, इतकी वर्षं इथे राहून! इथल्या बहुतेक पब्लिक हायस्कूलांमध्ये ट्रॅक हा नो-कट स्पोर्ट असतो, म्हणजे डॉक्टरांकडून फिजिकलचा, म्हणजे तब्येतीच्या तपासणीचा फॉर्म सही करून आणायचा, रोज प्रॅक्टिसला यायचं, झालं, तुम्ही टीममध्ये. आउटडोअर सीझन मार्चच्या मध्याला सुरू होतो आणि जूनपर्यंत चालतो. अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलच्या मुली सगळ्यात जास्त संख्येने कुठला खेळ खेळत असतील तर तो हाच. आणि टीम म्हणजे काय फक्त पळणाऱ्यांची नसते. १०० मीटरपासून ३२०० मीटरपर्यंतच्या शर्यती आहेत, अडथळे आहेत, रिले आहेत, लांब उडी, तिहेरी उडी, उंच उडी, पोल व्हॉल्ट, गोळाफेक, थाळीफेक आणि आपल्या न्यू जर्सीत भालाफेकसुद्धा, जी अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हायस्कूलला नसतेच. आता इतक्या प्रकारांत एका मुलीला एकही जमणार नाही असं कसं होईल?

पहिला आठवडा वाईट गेला. मार्चमधला वारा तुम्हाला माहितीये, जॅकेटच्या आत शिरतो. १०० मीटरला ती शेवटच्या दोघींत असायची, पोटऱ्या दुखायच्या, रात्री गरम पाण्यात पाय टाकून होमवर्क. दुसऱ्या आठवड्यात थ्रोच्या कोचनी विचारलं, कोणाला ट्राय करायचंय का, आणि हिने हात वर केला.

मुलींचा गोळा ४ किलोचा. माझ्या आईला फलटणला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या पाट्यावरचा वरवंटाच की गं." अगदी तसंच! फक्त तो फेकायचा नसतो. आपण मराठीत गोळाफेक म्हणतो खरं, पण तो ढकलायचा असतो, बोटांच्या मुळाशी धरून मानेला जबड्याखाली टेकवायचा, कोपर वर ठेवायचं, आणि जोर हाताने नाही लावायचा, तो जमिनीपासून यायला पाहिजे, आधी पाय, मग कंबर, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी बोटं. ७ फुटांच्या वर्तुळात हे सगळं करायचं. पुढे लाकडी पट्टी असते तिच्यावर पाय पडला तर फाउल, आणि फेकून झाल्यावर आनंदाच्या भरात वर्तुळाच्या पुढच्या बाजूने बाहेर पडलात तरी फाउल, मागच्या अर्ध्यातूनच बाहेर यायचं. लेक रात्री किचनमध्ये मोसंबं मानेला लावून सराव करायची आणि मी पोळ्या लाटता लाटता तिचं कोपर खाली आलं की सांगायचे.

गोळाफेकीचं वर्तुळ ट्रॅकपासून लांब असतं, आमच्याकडे तर टेनिस कोर्टांच्या मागे. स्टँडमधल्या पालकांना ते दिसतही नाही, टाळ्या सगळ्या रिलेला. पहिल्या मीटला, म्हणजे शाळांच्या स्पर्धेला, मी तिथे गेले तर अंतर मोजायची टेप धरायला माणूस हवा होता, मी धरली, आणि मग पूर्ण सीझन धरली. मापं इथे फूट आणि इंचात. पहिल्या दिवशी तिचा गोळा गेला १७ फूट २ इंच, साधारण सव्वापाच मीटर. मे संपताना २४ फूट ३ इंच. हे काही मोठं अंतर नाही, तिच्याच टीममधल्या अकरावी-बारावीच्या मुली याच्या कितीतरी पुढे टाकतात. पण शेवटच्या ड्युअल मीटमध्ये, म्हणजे दोनच शाळांच्या स्पर्धेत, ती तिसरी आली. तिथे पहिल्याला ५, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला १ पॉइंट असतो. तो १ पॉइंट रिलेवाल्या मुलींच्या पॉइंटांबरोबर एकाच बेरजेत धरला गेला, आणि बसमधून उतरल्यावर तिने मला आधी टीमचा स्कोअर सांगितला, स्वतःचं नंतर.

आता माझं. फलटणला शाळेत असताना सहावीत मी १०० मीटरला तालुक्यात दुसरी आले होते. पीटीचे सर एकच, अख्ख्या शाळेला. तालुक्याला न्यायच्या चार-पाच मुली ठरलेल्या, त्या पळायच्या आणि बाकीच्या कडुनिंबाखाली बसून ओरडायच्या, इतर वेळी पीटीचा तास गणिताला जायचा. म्हणजे ज्यांना येतं त्यांनाच मैदान, आणि ज्यांना येत नाही त्यांना ते यावं म्हणून कोणी काही करायचं नाही. आठवीत गेल्यावर मीही कडुनिंबाखाली आले, कारण घरी ठरलं की आता मोठी झाली, पुरे. भांडण नाही, काही नाही, माझे बूट धाकट्या भावाला गेले. मी कित्येक वर्षं हेच म्हणत आलेय की मी स्पोर्ट्सवाली नाही, आणि तेच वाक्य लेकीच्या तोंडून आलं.

२०१६ ची १५ ऑगस्टची सकाळ मला अजून आठवते. रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायची शर्यत) फायनल, आणि त्यात आपली ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोहीची, माझ्या माहेराच्या शेजारचा तालुका. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई. दहावी आली ती आणि मी सोफ्यावर बसून रडत होते. त्याच रिओत आपल्या न्यू जर्सीची सिडनी मॅकलॉफलिन होती, नुकतीच १७ ची झालेली, इथल्याच एका हायस्कूलच्या टीमकडून पळणारी. पुढे टोकियोत आणि पॅरिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांचं गोल्ड तिचं. दोघी सारख्याच जिद्दीच्या असतील, पण सिडनीला शाळेतूनच टीम आणि कोच मिळाले होते. आणि हे इथे आपोआप आलेलं नाहीये बरं का. १९७२ मध्ये टायटल नाइन कायदा झाला, सरकारी पैसे घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही असा, त्याच्या आधी अख्ख्या देशात हायस्कूलच्या खेळांत मुली ३ लाखांहूनही कमी होत्या, आज ३० लाखांच्या वर आहेत. आपल्या मुलींना हे आयतं मिळतंय आणि आपण विचारतोय, उपयोग काय.

अभ्यासाचं विचाराल तर खोटं बोलणार नाही, एप्रिलमध्ये गणिताच्या दोन क्विझला मार्क कमी पडले. प्रॅक्टिसहून साडेपाचला यायची, शनिवारी इन्व्हिटेशनल (बऱ्याच शाळांना बोलावलेली मोठी स्पर्धा) असेल तर दिवस गेलाच, रविवारी मराठी शाळा. मग तिने तिचंच टाइमटेबल बदललं, बसमध्ये वाचन उरकायला लागली. खाण्याचं मात्र मनावर घ्या, आपल्या शाकाहारी मुलींचं आयर्न बऱ्याचदा कमी असतं, दमते दमते म्हणत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला आयर्नचा साठा) तपासून घ्या, माझ्या लेकीचं कमी निघालं होतं. डब्यात शेंगदाण्याचा लाडू, थर्मासमध्ये गरम वरण. आणि ऊन लागून काळी पडेल, खांदे रुंद होतील, हे कृपा करून मुलीसमोर बोलू नका. माझ्या लेकीचे खांदे रुंद झालेत आणि ती आता ताठ उभी राहते.

आणि ताई, कॉलेजचं तुमचं उत्तर राहिलं होतं. २४ फुटांवर कोणी स्कॉलरशिप देत नाही, व्हर्सिटी लेटरही, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमच्या खेळाडूंना मिळतो तो मानही, नाही मिळाला तिला. अर्जात एक ओळ येईल फार तर. मला ती ओळ नकोच आहे, मला तिने "मी स्पोर्ट्सवाली नाहीये" म्हणणं थांबवलंय ते हवं होतं आणि ते मिळालंय. तुमचा आरव, हो, ज्याला सॉकरच्या टीममधून काढलं म्हणालात, त्याला मार्चमध्ये पाठवा ना, त्याला काय जमेल ते कोच बघतील. फिजिकलची अपॉइंटमेंट मात्र आत्ताच घ्या, ऐनवेळी मिळत नाही.

आमची डिसेंबरची तयारी सुरू झालीय. इनडोअर सीझनला गोळा जिमच्या फरशीवर पडतो म्हणून त्याला वरून मऊ आवरण असतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. टेप धरायला लागली तर येते म्हणून मी कोचना आत्ताच सांगून ठेवलंय.