‘शेतकरी’ हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही

अमेरिकेच्या संस्थापकांचं राजकारण त्यांच्या शेतीतून घडलं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की वॉशिंग्टन आणि जेफरसन यांना मी सरळ ‘शेतकरी’ म्हटलं, पण नांगर धरला तो गुलामांनी. आणि त्यांचं राजकारण लॉक, मॉन्तेस्क्यू या राजकीय विचारवंतांच्या पुस्तकांतून आलं, भाजीच्या वाफ्यांतून नव्हे.

पहिला आक्षेप मान्य. वॉशिंग्टन 1799 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या माउंट व्हर्नन मळ्यावर 317 गुलाम होते. ‘जमीनदार’ हाच शब्द हवा होता, लेखात दुरुस्त करतो.

दुसऱ्यावर मात्र अडून बसणार. पुस्तकं त्यांनी वाचलीच होती, पण व्हर्जिनिया या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतल्या मळेवाल्याला लंडनची सत्ता रोज भेटायची ती तंबाखूच्या खातेवहीत. कायद्याने तंबाखू ब्रिटनलाच पाठवायची, तिथला अडत्या विकेल तो भाव, त्याच्याकडूनच उधारीवर कापडचोपड मागवायचं आणि वर्षअखेर बाकी आपल्याच नावावर. वर जमिनीचा कस जायचा तो वेगळाच. वॉशिंग्टननी 1760 च्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला, कारण गहू आपल्या गिरणीत दळता येतो आणि गिऱ्हाईक आपल्याला शोधता येतं. पुढे त्यांनी गव्हासाठी सोळा बाजूंचं मळणीघर उभारलं: वरच्या मजल्यावर घोडे गोल फिरणार, फळ्यांच्या फटींतून दाणे खाली. (बांधलं अर्थात गुलाम सुतारांनीच.)

जेफरसन तर 1786 मध्ये लिहून गेले की हे मळेवाले लंडनच्या पेढ्यांची मालमत्ता होऊन बसलेत, कर्ज बापाकडून मुलाकडे चालत येतं. आता तुमचा मुद्दा इथे ठेवून पाहा. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं ज्याच्या मालकीची होती, तो गृहस्थ मळेवाल्यांना ‘मालमत्ता’ म्हणतो! आणि त्याच्याच कर्जापायी 1827 मध्ये त्याच्या माँटिचेलो मळ्यावरच्या गुलामांचा लिलाव झाला. तुमच्या आक्षेपाने माझं म्हणणं खोडलं जात नाही, फक्त जास्त कडू होतं.

राहिले संस्थापकांपैकीच जॉन ॲडम्स, गुलाम न ठेवणारे. 1786 मध्ये ते लंडनला अमेरिकेचे राजदूत होते. फिरायला गेले असताना रस्त्याकडेचे खताचे ढीग त्यांनी बारकाईने तपासले. रोजनिशीत नोंद आहे, की असेल हे चांगलं, पण माझ्या खताची सर नाही. यात राज्यशास्त्र कुठं, असं तुम्ही विचारलंत. कुठंच नाही. मला तो उतारा आवडला, म्हणून घुसडला.