खुलासा : जॉनी मारने गिटार कधी खाली ठेवलीच नव्हती

रॉकप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ब्रिटिश रॉक बँड द स्मिथ्सचा गिटारवादक जॉनी मार याच्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘१९८७ मध्ये द स्मिथ्स फुटला, जॉनी मारने संगीत सोडलं आणि थेट २०१३ मध्ये पहिला सोलो अल्बम घेऊन परतला.’

दोन्ही सालं बरोबर आहेत. घोटाळा आहे तो मधल्या काळाचा. बँड सोडला तेव्हा मार जेमतेम तेवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडच्या ‘नेकेड’ अल्बमच्या श्रेयनामावलीत गिटारवादक म्हणून त्याचं नाव आहे. कुणीही उघडून बघावं. मग ‘द द’ (The The) नावाचा बँड. न्यू ऑर्डर बँडच्या बर्नार्ड समनरसोबत ‘इलेक्ट्रॉनिक’ हा बँड. २००३ मध्ये स्वतःच्या हीलर्स बँडसोबतचा अल्बम, त्यात गायलाही तोच.

सगळ्यात मोठी गोष्ट तर मेसेजमधून गायबच आहे. २००६ मध्ये तो अमेरिकेतल्या मॉडेस्ट माउस बँडमध्ये गेला, नुसता पाहुणा म्हणून नव्हे, गाणी रचण्यातही सामील झाला. २००७ मधला त्यांचा अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यानंतर द क्रिब्स हा बँड. शिवाय २०१२ मध्ये गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने आपल्या जॅग्वार गिटारची त्याच्या नावाची आवृत्ती काढली. मूळ गिटारवरची तीन छोटी बटणं काढून तिथे चार खटक्यांचा एकच स्विच. संगीत सोडलेल्या माणसाला (बरं, कुठे सोडलं होतं?) असले बारकावे सुचत नाहीत.

मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच दिसतो. तरी कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवायचंच तर ‘फक्त स्वतःच्या नावावरचा पहिला सोलो अल्बम २०१३ मध्ये’ एवढंच पाठवा.