"एवढं प्रेम आहे तर परत या की!"

गणपतीत हा वाद ठरलेला. न्यू जर्सीतल्या कुणाचा तरी लेझीमचा व्हिडिओ येतो, नऊवारी, फेटे, आणि खाली आपल्यातलाच कुणीतरी वरचं वाक्य टाकतो. मीही अशा कमेंटला लाइक ठोकलेत.

आता नाही ठोकवत. कारण बेने इस्रायली.

अलिबाग-पेण भागातले हे ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. आडनावं आपलीच: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. १९४८ नंतर यातले हजारो लोक इस्रायलला गेले, आपल्या धर्माच्या देशात. आणि १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, यांची लग्नं लावायच्या आधी वंशावळ तपासा! आई-आजी खरंच ज्यू होत्या का ते बघा. माणसं रस्त्यावर उतरली. १९६४ मध्ये संसदेला सांगावं लागलं की हे इतरांसारखेच ज्यू आहेत.

म्हणजे कोकणात ते शनिवारवाले, आणि तिकडे गेल्यावर हिंदुस्थानातले. अशा माणसाने मराठी घट्ट धरली तर त्यात नवल कसलं? त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, महाराष्ट्र दिन साजरा केला. नवस फेडायला आजही मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. ताट ज्यूंचा प्रेषित एलियाहू हन्नबी याच्या नावाचं. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गात गेला अशी श्रद्धा. प्रेषित ज्यू, पोहे कोकणातले. आता या लोकांना "परत या" म्हणायचं, तर नेमकं कुठे?

(तिकडे बसून आपल्याला संस्कृती शिकवणारे मलाही आवडत नाहीत. पण ते वेगळं खातं.)

माझं म्हणाल तर मी फक्त बंगळुरूपर्यंत गेले. पुण्यात पाडव्याला गुढी आई उभारायची, मी श्रीखंडापुरती उठायचे. बंगळुरूत पहिल्याच वर्षी गॅलरीत गुढी उभारली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. शेजारच्या आँटी उगादीचं बेवू-बेल्ला, म्हणजे कडुलिंब-गूळ, घेऊन आल्या आणि वर बघत म्हणाल्या, "तांब्या उलटा का?"

मला काही सांगता येईना. आईला फोन लावला. ती जरा थांबली.

"अगं, इथे कधी कुणी विचारलंच नाही."