मूस आला, शिंगं राहिली

फोटोत आम्ही दोघं आहोत. स्पष्ट आहोत. मागे चार भक्कम पाय आणि वर एक अवाढव्य पोट. "हे पोट कोणाचं?" असं सासूबाईंनी पुण्याहून व्हॉट्सॅपवर विचारलं. ते कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या मूस जॉ गावच्या मॅकचं, म्हणजे मूस या अवाढव्य हरणाच्या पुतळ्याचं आहे, त्याला मान आहे, तोंड आहे आणि ज्यांच्यापायी अख्ख्या गावाने नॉर्वेशी वैर घेतलं ती शिंगंही आहेत, असं मी त्यांना टाइप करून कळवलं. फोटो पाठवूनही टाइप करावं लागलं, हे मला अजून पचलेलं नाही.

फोटो काढणारे काका बाकावर बसले होते. मुलगा-सून माहिती केंद्रात गेलेले. आमचं "जरा सरक ना" ऐकून ते ताडकन उठले.

"मराठी का? मग द्या इकडे फोन!"

देण्याआधीच तो त्यांच्या हातात होता. सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर आलेले, मुक्काम मुलाकडे रेजायनाला, म्हणजे इथून सत्तर किलोमीटरवर. त्यांना दिवसभर बोलायला कोणी मिळत नसणार हे मला दिसत होतं. पण म्हणून आमचं ऊन का जावं?

"फोटो नंतर. आधी माहिती घ्या. पाटी सगळी वाचलीय मी. १९८४ चं काम. आत लोखंडी पाइप, वर जाळी, त्यावर सिमेंट. वजन दहा टन. एकतीस वर्षं जगात आपल्याहून उंच मूस नव्हता!"

हे 'आपल्याहून' ऐकून आमचे हे माझ्याकडे बघायला लागले.

"मग २०१५ साली नॉर्वेने उभा केला. ओस्लोहून ट्राँडहाइमला जाणाऱ्या रस्त्यावर. स्टीलचा. आणि आपल्यापेक्षा उंच किती? तीस सेंटिमीटर! एक फूटपट्टी! ताई, दहा मीटरची वस्तू बांधताना फूटपट्टीएवढी चुकून वाढते का हो? नाही ना? मुद्दाम!"

"काका, तेवढी शिंगं घ्या हं फोटोत."

"शिंगांवरच येतोय. नॉर्वेतल्या त्या गावच्या उपमहापौर बाई इथवर येऊन गेल्या. समेट झाला. सर्वांत उंच आपला, चकचकीत आणि देखणा त्यांचा. घ्या म्हटलं! चकचकीत काय, आमच्या घरची कळशीसुद्धा आहे. आणि मग २०१९ च्या ऑक्टोबरात आपण जुनी शिंगं उतरवून ही मोठी बसवली. आता १०.३६ मीटर. बोला!"

आम्ही काय बोलणार? ऊन ढगाआड गेलं होतं. काकांनी आम्हाला मूसच्या पोटाखाली उभं केलं, स्वतः तीन मीटरवर पाय रोवले आणि फोन आडवा धरला.

"काका, थोडं मागे जाता का?"

"मागे कशाला? तुम्ही लहान दिसाल."

"पण शिंगं..."

"शिंगं पाटीवर आहेत. चेहरे बघा कसे आलेत, एक सुरकुती लपलेली नाही!"

काकांचा दोष तसा एका पिढीचा आहे. स्टुडिओत काढलेल्या फोटोत चेहरा आला की पैसे वसूल, मागचा पडदा कोण बघतो? पण इथे पडदाच दहा मीटरचा आहे. फोनच्या १x, म्हणजे नेहमीच्या कॅमेऱ्याने, फोन उभा धरून, साधारण बारा मीटरवरून मॅक शिंगांसकट मावतो. फोन आडवा धरला तर सोळा मीटर लागतात. बारा मीटर म्हणजे काकांच्या चालीने सोळा पावलं, आणि तिथे मोकळी जागा भरपूर होती. एवढं केल्यावर माणसं मूसच्या पायाशी उभी करायची नाहीत. तिथे ती फोटोच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी उरतात. माणसांनी कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर, मूसच्या थोडं एका बाजूला यायचं, आणि काढणाऱ्याने फोन कमरेच्या उंचीवर धरून किंचित वर कलवायचा. माणसं मोठी, शिंगं पूर्ण.

आळस म्हणून कोणी ०.५x, म्हणजे जास्त रुंद दिसणारी लेन्स लावतं. त्यात कडेला उभं राहिलेल्याचं डोकं ताणून भोपळा होतो, आणि कडेला नेहमी तीच व्यक्ती असते जी नंतर रुसते. पोर्ट्रेट मोडही नको. तो मूसलाच धूसर करतो, आणि धूसर मूससाठी एवढं पेट्रोल जाळायचं नसतं.

परक्याच्या हाती फोन देताना आणखी भानगडी होतात. दोन मिनिटं भाषण चाललं की स्क्रीन लॉक होतो. मग ते बाजूचं बटण दाबतात, तोंड ओळखायला फोन स्वतःकडे धरतात आणि त्यांचं तोंड फोनला मान्य नसतं. शटरवर बोट दाबून धरलं की काही फोनांत व्हिडिओ सुरू होतो, काहींत एकाच फोटोच्या पंचवीस प्रती निघतात. आणि लेन्सवर टिमबिट्सची, म्हणजे इथल्या छोट्या गोल डोनटांची साखर असतेच. देण्याआधी लेन्स पुसा, कॅमेरा चालू करून द्या, आधी स्वतः तिथे उभं राहून एक फोटो काढून तो दाखवा आणि पायाशी खूण करा: इथून हलायचं नाही. काकांना हे सांगण्याची माझी हिंमत झाली नसती, ते सोडा.

तरी कॅनडात फिरताना मला हसू येतं ते अशाच जागी. सडबरीत नऊ मीटर उंचीचं पाच सेंटचं नाणं उभं आहे, १९६४ पासून. अल्बर्टातल्या सेंट पॉलने १९६७ मध्ये उडत्या तबकड्यांसाठी धावपट्टी बांधून ठेवलीय, अजून कोणी उतरलेलं नाही. ड्रमहेलरचा डायनोसॉर सव्वीस मीटरचा. पोटातल्या १०६ पायऱ्या चढून जबड्यात उभं राहता येतं, फोटो मात्र खालून कोणीतरी काढायचा. म्हणजे परत एक काका शोधा.

उलट अल्बर्टातलं मोरेन लेक हे सरोवर बघा. २०२३ पासून तिथे खासगी गाडी न्यायला बंदी. पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या बसची बरीच आसनं प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला खुली होतात, तीही माउंटन टाइमच्या, म्हणजे तिथल्या घड्याळाच्या आठला. टोरांटोतल्या माणसाने दहाला बसायचं. तत्काळ तिकिटावर हात बसलेल्यांची तेवढी सोय होते. आणि एवढं करून मिळतो तो फोटो जसा सगळ्यांकडे आहे तसाच, निळं पाणी, मागे डोंगर, पुढे दुसऱ्याची टोपी. वर्षानुवर्षं वीस डॉलरच्या नोटेवर होता की तो देखावा. जपून ठेवायचीत नोट.

हिवाळ्यात मूस जॉला कोणी मध्ये येत नाही. उणे पंचवीसला बाकं रिकामी असतात. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायचा. बाहेर काढला की चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडतो, आणि ऊब मिळाली की काही झालंच नाही असं दाखवत पुन्हा सुरू होतो. ट्रायपॉडच्या धातूच्या पायांना उघडा हात लावू नये. बर्फ करडं येऊ नये म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक स्टॉपने (दुपटीने) वाढवायचं. गाडीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून तासभर तसाच राहू द्यायचा, नाहीतर गरम हवेत लेन्सवर दव धरतं. टायमर दहा सेकंदांचा लावायचा. मोज्यांचे दोन थर, बूट आणि गुडघाभर बर्फ यांच्यासकट दहा सेकंदांत मूसपर्यंत पोचता येत नाही, त्यामुळे येतो तो फोटो पाठमोरा, धावतानाचा. शिंगं पूर्ण.