जास्वंदीचं दुपारचं नाटक

दुपारचे दोन वाजले की आमची जास्वंद माना टाकायची. थोड्याथोडक्या नाही, शेवटच्या सीनमधल्या हिरोईनसारख्या, सगळी पानं खाली, कळी लोंबकळलेली आणि तोंड बरोब्बर माझ्या खिडकीकडे. हे बघून ज्याचा हात झारीकडे जात नाही तो माणूसच नव्हे असं माझं तेव्हा मत होतं. मी धावत जाऊन पाणी घालायचो, संध्याकाळी ती ताठ उभी, मी खूश. असा महिनाभर मी रोज तिचा जीव वाचवला आणि मग ती मेली.

कुंडी उलटी केली तर मुळं काळी-तपकिरी, बुळबुळीत. एक ओढून बघितलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा. वास विचारू नका. म्हणजे बाई तहानेने नाही, बुडून गेली होती, आणि बुडवणारा मी, तेही इतक्या प्रेमाने.

मग रात्री बसून वाचायला लागलो, कारण गुन्हा करून झाल्यावरच मला अभ्यास सुचतो. तर कडक उन्हात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडतं की माती ओली असली तरी मुळांना तेवढ्या वेगाने वर पाठवता येत नाही. मग झाड पानं खाली सोडतं, त्यामुळे त्यांच्यावर ऊनही कमी पडतं. ऊन उतरलं की आपोआप ताठ. म्हणजे ती संध्याकाळी उभी राहायची ते माझ्यामुळे नव्हेच, फुकटचं क्रेडिट घेत होतो. पुढची गंमत तर फारच क्रूर आहे. मुळांना श्वास घ्यायला मातीत हवा लागते, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती लागते. सारखं पाणी घातलं की हवेच्या जागी पाणी भरतं, मुळं गुदमरून कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात, आणि ते बघून माझ्यासारखा दयाळू माणूस अजून एक झारी ओततो. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं! ही डिझाईन कोणाची, त्याला एकदा भेटायचंय.

झाड गेल्याची बातमी पसरली आणि सांत्वनाला आलेला प्रत्येक जण एकेक सल्ला ठेवून गेला. एक म्हणे दुपारी पाणी घातलंस ना, पानांवरचे थेंब भिंगासारखे होतात आणि पान जळतं. हे मी शाळेपासून ऐकत आलोय. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे खरोखर तपासून छापलं, गुळगुळीत पानांवर थेंबांनी काही जळत नाही, लव असलेल्या पानांवर मात्र थेंब लवेवर उचलून धरला जातो तेव्हा जळू शकतं. माझ्या जास्वंदीची पानं गुळगुळीत होती, म्हणजे त्या एका आरोपातून मी सुटलो. दुसऱ्याने छाटलेल्या फांदीवर रंग लावायला सांगितलं. पण अमेरिकेत अॅलेक्स शायगो या माणसाने हजारो झाडं करवतीने उभी चिरून बघितली, आणि झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, सडका भाग आतल्या आत भिंत घालून बंद करतं, आपण वरून फासलेल्या रंगाने सड थांबत नाही असं दाखवलं. मला त्याच्या चिकाटीपेक्षा, इतकी झाडं कापूनही त्याला कोणी खुनी म्हणालं नाही याचं जास्त अप्रूप वाटलं.

पण सगळ्यात जोरात आलेला सल्ला म्हणजे कुंडीच्या तळाशी खडे घाल, निचरा होतो. हे तर मला पटलेलंच होतं, मी घातलेही होते, छान धुवून वगैरे. वाचलं तर नेमकं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहजी उतरतच नाही, वरची माती गच्च भिजेपर्यंत तिथेच अडून बसतं. विश्वास बसेना म्हणून भांडी घासायचा नवा स्पंज घेतला, पूर्ण भिजवला, आडवा धरला, टपटप थांबेपर्यंत वाट बघितली. मग तोच स्पंज उभा केला तर परत धार! माती जितकी उंच तितकं पाणी खाली ओढलं जातं, आणि तळाशी खडे घातले की मातीची उंचीच कमी होते, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या अजून जवळ येतो. मी दहा मिनिटं स्पंज आडवा-उभा करत सिंकपाशी उभा होतो, बायको येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

नवी जास्वंद आणली. काळी प्लास्टिकची कुंडी बाद, कारण थेट उन्हात तिच्या कडेची माती सहज 45-50 अंशांवर जाते आणि त्यात मुळं शिजतात. आता मातीची कुंडी, सावली दुपारनंतरची, आणि वर पाचेक सेंटिमीटर पालापाचोळा, तोही खोडाला न चिकटता, कारण खोडाभोवती ढीग केला की तिथे ओल राहून साल कुजते. आणि पाण्याचा नियम एकच. बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओलं लागलं तर झारीला हात लावायचा नाही.

हे लिहायला सोपं आहे. दोन वाजता ती माना टाकते आणि मी खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसतो. पाणी घालायला दोन मिनिटं लागायची, न घालायला चार तास लागतात. सहा वाजता ती उठते तेव्हा मी तिच्यापेक्षा जास्त दमलेला असतो.

पण पाच दिवस झाले तरी बोट ओलंच. एवढ्या उन्हात? मी तर थेंब घातला नव्हता. घरात चौकशी लावली. बायको म्हणाली, सकाळी थोडंसंच घालते रे, तू बंद केलंस म्हणून. बाबा म्हणाले, दुपारी फार केविलवाणी दिसते, तांब्याभर तर घालतो. धाकटीने बाटलीतलं उरलेलं पाणी रोज तिलाच दिलं होतं. मी तिघांना एका ओळीत बसवून स्पंज दाखवला, वाफसा समजावला, कुजलेल्या मुळाचं हुबेहूब वर्णन केलं, कुंडीवर चिठ्ठी लावली. सगळ्यांनी शपथा घेतल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकांचा काळजीचा आवाज आला, "अरे, मी दोन दिवस नव्हतो, जास्वंदीला पाणी घातलं ना कोणी?"